अंगाहून लहान

रविवार पेठेत कापड घ्यायला गेलेली बाई आधी ते चिमटीत धरते. सुती असेल तर मुठीत चुरगाळून सोडते आणि सुरकुती किती राहते ते बघते. रेशीम दोन बोटांत चोळते. काठाचं असेल तर उलटं करून मागचे धागे तपासते. दुकानदाराच्या हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. तो ठाण उलगडून देतो आणि रस्त्याकडे बघत बसतो. माझ्याबरोबर आलेल्या मुलाने मात्र ठाणाचं टोक दोन्ही मुठींत पकडलं, छातीसमोर हात फाकवले आणि कापड ताणलं. आडवं ताणलं, उभं ताणलं, तिरकं ताणलं. सोडलं की कापड मुकाट्याने परत जायचं. मग उजेडाकडे नेऊन पुन्हा ताणलं आणि त्यातून पलीकडचा रस्ता दिसतो का ते पाहिलं. दुकानदार रस्त्याकडे बघायचा थांबला.

"जिम्नॅस्टिकला का?"

"नाचाला," मुलगा म्हणाला.

"ताईंचं माप काय?"

"ताई नाही. मलाच घालायचंय."

दुकानदाराने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कापडाकडे पाहत राहिले. क्षणभराने तो उठला, ते ठाण बाजूला सारलं आणि मागच्या फळीवरून दुसरं ओढलं. "मग हे घ्या. ते नुसतं आडवं ताणतं, नाचात फाटेल. हे चारी बाजूंनी ताणतं. मीटरला साठ रुपये जास्त पडतील." धंद्याला बसलेल्या माणसाचा हा नेमकेपणा मला आवडतो. त्याला काय वाटलं असेल ते असो, सल्ला चोख होता.

हा मुलगा आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. दिवसा हिंजवडीला नोकरी, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या शनिवारी ड्रॅग. केसांचा टोप, हातभर पापण्या, उंच टाचा, अंगासरसा चमकता झगा घालून गाण्यावर ओठ हलवत नाचायचं, मध्ये प्रेक्षकांची टर उडवायची, पुन्हा नाचायचं. आधी तो तयार झगे ऑनलाइन मागवायचा. ते खांद्यात उसवायचे, कमरेत लोंबायचे. मग शिंपी शोधायला निघाला. लेडीज टेलर म्हणाला, आम्ही पुरुषांची मापं घेत नाही. जेन्ट्स टेलर म्हणाला, आम्ही बायकांचे कपडे शिवत नाही. आपापल्या पाटीप्रमाणे दोघांचंही बरोबरच होतं. माझ्या दारावर 'ब्लाउज, पिको, फॉल' एवढंच लिहिलेलं आहे. कोणाचे, ते लिहिलेलं नाही. तेवढ्या फटीतून तो आत आला आणि "काकू, लायक्रा शिवता का?" म्हणून उभा राहिला.

माप घ्यायचा क्रम हातात मुरलेला असतो. उंची, खांदा, मुंढा, छाती, कंबर, सीट. शिवणक्लासात बाईंनी तो पाढ्यांप्रमाणे घोकून घेतला होता. मी टेप काढली, तर तो म्हणाला, "थांबा काकू, आधी अंग घालून येतो."

आणि खरंच अंग घालून आला. गादीवाल्याकडून आणलेला जाड फोम कापून, कडा ब्लेडने तासून त्याने कमरेखालचे दोन गोलावे बनवले होते. हातात धरले की दोन मोठ्या करंज्याच. ते मांड्यांच्या बाजूंना बसवायचे आणि वरून एकावर एक तलम पायमोजे चढवत जायचे, म्हणजे फोमची कड कापडाखाली उमटत नाही. वर कमरेला कॉर्सेट, छातीला पॅड. एवढं सगळं झाल्यावर माणूस टेपसमोर उभा राहतो आणि तेव्हा जे आकडे निघतात ते खरे. सीट 44 निघाली. त्याची स्वतःची किती असेल ते मी विचारलंही नाही. त्या मापाशी झग्याचा संबंध नव्हता.

टेप फिरवताना एक गोष्ट हाताला कळली. मला वाटलं होतं, बाईचं रूप म्हणजे छाती. तो म्हणाला, "छाती शेवटी येते काकू. आधी खांदा आणि सीट." पुरुषाचा खांदा रुंद, खाली सगळं सरळ. खांदा काही कापता येत नाही. मग त्याच्या तोलाची सीट उभी करायची, आणि मधे कंबर आवळायची, तीही जिथे आहे तिथून बोटभर वर. म्हणजे डोळा फसत नाही, डोळा फक्त तुलना करतो. मी इतकी वर्षं बायकांचे ब्लाउज शिवले, पण बाईपण हे प्रमाणात असतं, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. माझ्याकडे येणाऱ्या बायका बाईपण घरून घेऊनच येत.

ताणणाऱ्या कापडाचा पहिला नियम शिंप्याच्या स्वभावाविरुद्ध आहे. कापड अंगापेक्षा लहान कापायचं. सीट 44 असेल तर 40 चं कापायचं, आणि कापडाने उरलेलं ताणून घ्यायचं. टक्स नाहीत, कटोरी नाही, चेन नाही, हुक नाहीत. छातीच्या उभाराला, कमरेच्या खोलगटीला जे जे आम्ही कात्रीने आणि टक्सांनी करतो ते सगळं कापड स्वतःच करतं. त्याला फक्त लहान ठेवायचं.

हे मनाला पटवायला वेळ लागतो, कारण आमची सगळी विद्या माया सोडण्याची. ब्लाउज कापताना दोन्ही बाजूंना दोन बोटं माया हवीच. मुलगी लग्नाला आली की शिवलेला ब्लाउज तिच्या पहिल्या बाळंतपणानंतर एक शिलाई उसवून पुन्हा बसायला हवा, त्यानंतर तो धाकटीला जायला हवा. मुलांचे युनिफॉर्म तर वाढत्या अंगाचेच घ्यायचे. जूनमध्ये मुलगा कपड्यात हरवलेला आणि मार्चमध्ये मनगटं उघडी. मध्यमवर्गीय पुण्यात कपडा आजच्या अंगासाठी कधी शिवला जात नसे. तो पुढच्या अंगासाठी असे. आणि इथे हा मुलगा एका शनिवारच्या रात्रीपुरत्या अंगासाठी झगा शिवून मागत होता, तेही रविवारी सकाळी काढून कपाटात ठेवायच्या अंगासाठी. उधळपट्टीच वाटली मला. पण कापताना लक्षात आलं की या कापडाला माया लागतच नाही. दोन किलो वाढलं तर ते वाढतं, उतरलं तर उतरतं. ज्याच्यासाठी आम्ही दोन बोटं राखून ठेवायचो ते या धाग्याच्या अंगातच भरलेलं.

हा धागा 1958 सालचा. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स नावाच्या रसायनतज्ज्ञाने तो शोधला. बायकांच्या अंगाला आवळून धरणाऱ्या आतल्या कपड्यांत तोवर रबर असे. गरम होणारं, जड, लवकर चिरणारं. त्याला काहीतरी पर्याय हवा होता. निघाला तो लायक्रा. मूळ लांबीच्या पाचपट ओढला तरी सोडल्यावर परत येणारा. कापडात तो थोडाच असतो, नायलॉनबरोबर शेकडा पंधरा-वीस, पण घरातल्या सुनेप्रमाणे सगळं कापड त्याच्याच जोरावर चालतं, असं लिहिणार होते. पण आमच्या घरात तसं कधी नव्हतं, तेव्हा राहू दे. मुद्दा एवढाच की बाईचं अंग आवळून ठेवायला शोधलेला धागा आता पुण्यात एका मुलाचं अंग फुलवून दाखवायच्या कामी आला होता.

पुण्याला हे नवं नसावं. जंगली महाराज रस्त्यावर या शहराने जे नाट्यगृह बांधलं, त्याला नाव दिलं ते आयुष्यभर नऊवारी नेसून उभ्या राहिलेल्या पुरुषाचं. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. 1962 च्या ऑक्टोबरात त्यांच्याच हस्ते पायाभरणी झाली. 15 जुलै 1967 ला ते गेले, आणि पुढच्या वर्षी 26 जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, बालगंधर्व रंगमंदिर उघडलं. तिथे चित्रकार गोपाळ देऊसकरांनी केलेली त्यांची दोन तैलचित्रं आहेत, एक स्त्रीवेषातलं, एक पुरुषवेषातलं. नाटकाच्या मध्यंतरात वडा घ्यायला जाणारे लोक त्या दोन्हींच्या पुढून जातात आणि कोणालाही काही खटकत नाही. मलाही इतकी वर्षं खटकलं नव्हतं. खटकायचं कारण नव्हतंच. पण थांबून बघायचं कारण मात्र होतं. या मुलाचं माप घेतल्यावर मी एकदा तेवढ्यासाठी गेले आणि चित्रातले खांदे बघत राहिले.

खांद्यांचं काय केलं होतं नारायणरावांनी? काहीच नाही, साडीने केलं. नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला की खांद्याची रेघच पुसली जाते. उरतो तो नुसता उतार. निऱ्या आणि कासोटा मिळून कमरेखाली जो घेर धरतात त्याला फोम लागत नाही. न शिवलेल्या कापडाची ही मोठी सोय. त्याच्या घड्यांत अंग असतं, पण अंग कुठे संपतं आणि घडी कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. आत कोण आहे हे नेसणाऱ्याच्या हातावर ठरतं. पदर सावरणारा हात बाईचा असला की आतलं अंगही बाईचं.

माझ्या सासूबाईंनी लहानपणी त्यांना पाहिलं होतं. तेव्हा नारायणरावांची पन्नाशी उलटून गेली होती, अंग सुटलं होतं. "म्हातारा दिसत होता गं," सासूबाई म्हणायच्या, "पण पदर खांद्यावर घेतला नि आमच्या आत्याने माझा हात दाबला. म्हणाली, बघ, असा घ्यायचा." घरंदाज बायका पदर कसा घ्यायचा ते एका पुरुषाकडून शिकत होत्या, त्याच्याप्रमाणे गजरे माळत होत्या, नाकात नथ घालत होत्या. नक्कल कोण कोणाची करत होतं, हा प्रश्न त्या आत्याला पडला नसावा. बायकांनी रंगभूमीवर यायचं नाही असं घरंदाज समाजाने ठरवलेलं. मग बाई म्हणजे काय हे दाखवायचं काम पुरुषाकडे गेलं, आणि त्याने ते इतकं नीट केलं की बायका शिकायला बसल्या. चित्रपटातही तेच. 1913 साली फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'त तारामती झाले ते अण्णा साळुंके, आणि चार वर्षांनी 'लंकादहना'त राम आणि सीता दोन्ही तेच झाले. रंगभूमीवर 1933 च्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकात बायकांनी बायकांची कामं केली, त्याचं केवढं कौतुक झालं. नारायणराव मात्र त्यानंतरही वीसेक वर्षं 'एकच प्याल्या'तली सिंधू होत राहिले.

नारायणरावांची गंधर्व नाटक मंडळी 1913 साली सुरू झाली. खरे शालू, खरी पैठणी, भारी गालिचे, थिएटरात शिंपडलेलं अत्तर. खोटं काही चालत नसे, आणि त्या खऱ्यापायी कर्ज झालं तेही खरंच. शिंपीण म्हणून मला सगळ्यांत मोठं कोडं वाटतं ते 'मानापमाना'तल्या भामिनीचं. श्रीमंत घरची भामिनी वनमाला नावाची गरीब मुलगी बनते. म्हणजे पुरुष बाई झाला आहे, ती बाई आणखी तिसरीच बाई झाली आहे, आणि प्रेक्षकाला तिघंही एकाच वेळी दिसायला हवेत. हे काम कापडावर होतं. शालू उतरवला, साधं लुगडं नेसलं. पण वनमालेच्या लुगड्यातही भामिनीची चाल राहायला हवी, नाहीतर गंमत जाते. 8 जुलै 1921 ला मुंबईत केशवराव भोसल्यांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं, तेव्हा लोकांनी तिकिटांना काय वाट्टेल ते पैसे मोजले. आम्ही पदांबद्दल ऐकत आलो. लुगड्यांबद्दल कोणी लिहून ठेवलंय का, कोणास ठाऊक. 'एकच प्याल्या'त सिंधू पार दारिद्र्याला लागून जातं ओढते; शालूत राणी दिसणं एक वेळ सोपं, विटक्या लुगड्यात घरंदाज दिसणं अवघड. तिथे माणूस कापडाच्या मदतीशिवाय उभा असतो.

हे सगळं मी झग्याच्या निमित्ताने त्या मुलाला सांगायला गेले, तर तो म्हणाला, "काकू, मी बालगंधर्व नाही. मी त्या दुसऱ्या पाहुण्यांच्या घरचा."

"कुठल्या?"

"नाच्याच्या."

बरोबर होतं त्याचं. मराठी रंगभूमीने पुरुषाच्या अंगातल्या बाईला दोन दारांतून आत घेतलं. संगीत नाटकाच्या दारातून आलेल्या स्त्रीपार्टीला शालजोडी आणि पदवी दिली, तमाशाच्या दारातून आलेल्या नाच्याला शिट्ट्या दिल्या. गणपत पाटलांनी पडद्यावर नाच्या इतका जिवंत केला की पडद्याबाहेरही लोक त्यांना त्याच नजरेने बघत. आज बालगंधर्व रंगमंदिरात लावणीचे प्रयोग लागतात, नऊवारी नेसलेले पुरुषही लावणी करतात, आणि पुढच्या रांगेत कुटुंबं बसतात. दोन्ही दारं एकाच इमारतीत उघडायला लागली आहेत. तरी नजरा अजून दोन आहेत. नारायणराव पुरुष आहेत हे विसरून त्यांना बघायचं आणि नाच्याला पुरुष म्हणून लक्षात ठेवून हसायचं.

हा मुलगा यातलं दोन्ही मागतो. स्टेजवर येताना लोकांनी आ वासायला हवा, आणि पाचव्या मिनिटाला त्याने घोगऱ्या आवाजात कोणाची तरी खोड काढली की त्यांना आठवायलाही हवं. नऊवारीत हे जमणार नाही, निदान त्याला तरी. साडी प्रश्न पडू देत नाही. लायक्रा मात्र काहीच लपवत नाही; ते इतकं अंगाला चिकटतं की बघणाऱ्याच्या मनात पहिल्या क्षणीच येतं, हे अंग केलेलं आहे. आणि केलेलं आहे म्हणूनच ते सुंदर आहे, असं त्याला म्हणायचं असावं. त्याने हे असं म्हटलेलं नाही. तो म्हणाला, "फोमची कड दिसली ना, तर मरतो मी."

शिवायला बसले तेव्हा सुईपासून बदल. नेहमीची टोकदार सुई लायक्राचा धागाच तोडते आणि भोक पडत जातं. गोल टोकाची सुई लागते, ती धाग्यांना बाजूला सारत आत शिरते. दोरा पॉलिस्टरचा. आणि सरळ शिलाई अजिबात नाही. कापड ताणलं जातं पण सरळ टाका ताणला जात नाही, मग पहिल्या उठाबशीला तटतट तुटतो. टाक्यातच ढील हवी. त्यासाठी नागमोडी शिलाई.

आता नागमोडी शिलाईचं मशीन पुण्यात कुठे नाही? गल्लीगल्लीत पिको करणारी बाई बसलेली असते. साडीच्या कडेला जी बारीक दाट नागमोड घालतात ती याच मशीनची. पट्टी फिरवून तीच नागमोड पातळ आणि लांबट केली की ती लायक्रा शिवते. म्हणजे पैठणीच्या टोकाला धागे सुटू नयेत म्हणून मी ज्या मशीनवर बसते, त्याच मशीनवर हा झगा झाला. खाली बटर पेपर धरायचा, नाहीतर कापड दात्यांत ओढलं जातं आणि शिलाईला लाटा येतात. हाताने ओढायचं नाही. हे सगळ्यांत अवघड. सुती कापड शिवणारा हात मागून थोडं ओढतोच, त्याला ती सवय असते. इथे ओढलं की संपलं. कापडाला त्याच्या चालीने जाऊ द्यायचं आणि आपण नुसती दिशा धरायची. वरच्या भागाला त्याने टिकल्यांची जाळी निवडली होती, बोहरी आळीतून आणलेली. शिलाईच्या वाटेत येणारी एकेक टिकली कात्रीने काढायची, नाहीतर सुईचं टोक मोडतं. टीव्ही बघत बघत काढायचं काम. घरभर टिकल्या झाल्या. आमचे हे सकाळी ऑफिसला गेले तेव्हा, निवृत्त होऊनही जातात ते रोज कुठल्याशा संस्थेच्या ऑफिसला, त्यांच्या सदऱ्यावर एक चिकटलेली होती. मी सांगितलं नाही.

गळा व्ही ठेवला, खोल. खांद्यावरून आत येणारी तिरकी बाही. या दोन तिरक्या रेघा डोळ्याला खांद्याच्या टोकापर्यंत पोचूच देत नाहीत. मधेच आत वळवतात. नारायणरावांच्या पदराचं काम इथे कात्रीने केलं, एवढंच. गळ्याला आणि मुंढ्याला पातळ इलॅस्टिक, किंचित ताणून बसवलेलं, म्हणजे घामाने कापड ढिलं पडलं तरी गळा अंगाला धरून राहतो. घेर मात्र त्याला हवा होता तसा, गुडघ्यापर्यंत घट्ट आणि खाली माशाच्या शेपटीगत मोकळा.

ट्रायलला तो पूर्ण अंग घालून, पण केसांशिवाय आणि रंगाशिवाय उभा राहिला. वर त्याचा नेहमीचा चेहरा, दोन दिवसांची दाढी, चष्मा. मानेखाली दिवाणखान्यात मावणार नाही अशी कोणीतरी बाई. मला हसू आलं. त्यालाही आलं. मग त्याने मोबाइलवर गाणं लावलं, चष्मा काढून टीव्हीवर ठेवला आणि आमच्या सतरंजीवर तो नाचला. हात वर, कंबर मोडून खाली, एक गिरकी. मी चेहऱ्याकडे बघतच नव्हते, मी शिलाई ऐकत होते. शेवटी त्याने दोन्ही पाय फाकवून जमिनीवर सपाट बैठक मारली. शिलाई बोलली नाही. शिवणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी टाळी नसते, आणि ती फक्त त्यालाच ऐकू येते.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी तेवढ्यात फॉल लावलेली साडी न्यायला आल्या. दारातच थबकल्या. "कसला कार्यक्रम?" त्यांनी मला विचारलं, त्याला नाही. मी सांगितलं. त्या त्याच्याभोवती एक फेरी मारून आल्या, मागची शिलाई बघितली, कापड दोन बोटांत धरून ताणलं. "मला याचा आतला परकर शिवून देता का? साडीखाली सरळ बसेल." आता त्यांच्यासारख्या आणखी दोघींचे शिवून झालेत. तिकडे 2018 च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने 377 कलमाचा निकाल दिला, इकडे 2011 पासून प्राइडची मिरवणूक निघते, वर्तमानपत्रांत येतं, वहिनी ते वाचतातही. पण त्यांच्या घरात या गोष्टीचा शिरकाव परकराच्या मापाने झाला.

झगा घालून तो कुठे नाचला, कसा नाचला, ते मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. रात्री अकराला सुरू होणाऱ्या कार्यक्रमाला जाणं माझ्याच्याने होत नाही. व्हिडिओ पाहिला; अंधारात टिकल्या चमकताना दिसतात आणि लोक किंचाळतात. कड दिसली नाही, एवढं त्याने दोनदा सांगितलं.

आता त्याच्या डोक्यात नवीन आहे. त्याला नऊवारी हवी आहे, पण लायक्राची. शिवलेली, कासोट्याची, पायात घट्ट, आणि अंगात पैठणीचा रंग. त्यावर लावणी आणि मधेच एखाद्या परदेशी गाण्याचा तुकडा. लक्ष्मी रोडला शिवलेल्या नऊवाऱ्या ढिगाने मिळतात. त्यातली एक उसवून मी कापणी समजून घेतली आहे. निऱ्यांचं जमेल. अडतंय ते दोन ठिकाणी. लायक्रा पडत नाही, चिकटतं. त्याचा पदर खांद्यावरून खाली येणारच नाही, दंडाला लपेटून बसेल. पदर वेगळ्या कापडाचा घ्यावा तर जोड दिसणार. त्याचं म्हणणं, दिसू दे. माझं म्हणणं, नाही. दुसरं काठाचं. जरीचा काठ ताणत नाही. तो सलग लावला की त्या रेघेवर सगळं कापड अडून बसेल आणि पहिल्याच बैठकीला काठ राहील, साडी जाईल. तुकडे तुकडे करून, मधे बोटभर कापड मोकळं सोडत बसवावा असं मला वाटतंय; तो म्हणतो, काठ रंगवूनच टाकू या का कापडावर? मी त्याला खोटा काठ चालणार नाही म्हणून सांगितलं आहे. त्यावर त्याने नारायणरावांच्या कर्जाचा विषय काढला.